युद्धावर सही कोणाची?

डिसेंबर १९७१ मध्ये ‘सातवे आरमार’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या तोंडी बसले. भारतीय सैन्य ढाक्याकडे सरकत होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एंटरप्राइझ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका तिच्या ताफ्यासह बंगालच्या उपसागराकडे धाडली. १५ डिसेंबरला ताफा उपसागरात शिरला. दुसऱ्या दिवशी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि आरमाराला करण्यासारखे काही उरले नाही. आपल्याकडे ही हकिगत इथेच संपते. निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर या दोन नावांवर सगळा राग काढून आपण मोकळे झालो.

तो ताफा निघाला तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कोणी विचारले नव्हते. पण त्याच काँग्रेसमध्ये त्याच वर्षी फ्रँक चर्च आणि विल्यम सॅक्सबी या दोन सिनेटरांनी पाकिस्तानची मदत रोखण्याची दुरुस्ती आणली होती. एक डेमोक्रॅट, दुसरा निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचा. आदल्या वर्षी कंबोडियात घुसलेल्या अमेरिकी सैन्याचा पैसा तोडायला निघालेले चर्च ते हेच. आणि अध्यक्षाने संसदेला न विचारता सैन्य कुठे आणि किती दिवस ठेवावे याला वेसण घालणारे जेकब जाव्हिट्स यांचे विधेयक सिनेटपुढे पडून होते. आरमाराच्या मागे, वॉशिंग्टनमध्ये, एक वेगळीच लढाई चालू होती. तिची सुरुवात १७८७ मध्ये झाली आणि ती अजून संपलेली नाही. हे पुस्तक त्या लढाईचे आहे.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण एक सोपी मांडणी करतात. अध्यक्ष अधिकार बळकावतो, बिचारी काँग्रेस हतबल होऊन बघत राहते. या लढाईची कागदपत्रे वाचताना मला तसे वाटले नाही. अध्यक्ष हात लांब करतात हे खरेच, पण काँग्रेस पुष्कळदा आपणहून हात मागे घेते. युद्धाला ‘हो’ म्हटले आणि ते फसले तर पुढच्या निवडणुकीत त्या मताचा हिशेब द्यावा लागतो. ‘नाही’ म्हटले आणि युद्ध जिंकले, तरी द्यावा लागतो. मत दिलेच नाही तर दोन्हींतून सुटका. अध्यक्षांशी भांडणाऱ्या खासदारांची खरी झुंज अनेकदा बाजूच्या बाकावरच्या, मत द्यायला न धजणाऱ्या सहकाऱ्यांशीच असते.

आता मूळ व्यवस्था. अमेरिकेच्या राज्यघटनेत युद्ध जाहीर करण्याचा, सैन्य उभारण्याचा आणि आरमार बाळगण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. अध्यक्ष सैन्याचा सरसेनापती आहे. सैन्यासाठीचा पैसा एका वेळी दोन वर्षांहून जास्त मुदतीचा मंजूर करायचा नाही अशीही अट आहे. कायम उभ्या फौजेची धास्ती घेतलेल्या माणसांनी ती घातली. फिलाडेल्फियात १७ ऑगस्ट १७८७ रोजी या कलमावर चर्चा झाली. मसुद्यात काँग्रेसला युद्ध ‘करण्याचा’ अधिकार होता. साउथ कॅरोलायनाचे पीअर्स बटलर म्हणाले, तो अध्यक्षालाच द्या. त्यावर एल्ब्रिज गेरी यांनी, प्रजासत्ताकात असा प्रस्ताव ऐकायला मिळेल असे कधी वाटले नव्हते, अशा अर्थाचा टोला हाणला. मग गेरी आणि मॅडिसन यांनी ‘करण्याचा’ काढून ‘जाहीर करण्याचा’ घातला. अचानक हल्ला झाला तर तो परतवण्यासाठी अध्यक्षाचे हात मोकळे असावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत अध्यक्षांच्या वकिलांनी या फटीतून किती फौजा बाहेर काढल्या, ते पाहून दोघेही चक्रावले असते.

भारतीय वाचकाला यात एक गोष्ट खटकेल. आपल्याकडे तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे असले तरी निर्णय मंत्रिमंडळाचा असतो, आणि युद्धासाठी संसदेची आगाऊ मंजुरी घ्यावीच असे घटना म्हणत नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली ती लोकसभेत मतदान होऊन गेली नाही. पण आपले मंत्रिमंडळ लोकसभेच्या विश्वासावर उभे असते. १९६२ च्या नोव्हेंबरात पराभवाच्या बातम्या येत असताना खुद्द सत्ताधारी खासदारांच्या रेट्यापुढे कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले गेले. अमेरिकेत असे होत नाही. अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून आलेला असतो, काँग्रेसचा विश्वास गमावला म्हणून तो पडत नाही. म्हणूनच तिथे घटनेतल्या या एका ओळीवर इतका भार येतो.

रीतसर जाहीर झालेली युद्धे अमेरिकेच्या इतिहासात पाचच आहेत: १८१२ चे ब्रिटनविरुद्धचे, १८४६ चे मेक्सिकोविरुद्धचे, १८९८ चे स्पेनविरुद्धचे आणि दोन महायुद्धे. शेवटची जाहीरनाम्याची मते जून १९४२ मध्ये पडली, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. युद्धे झाली, जाहीर एकही झाले नाही. १९५० मध्ये ट्रुमन यांनी कोरियात सैन्य उतरवले ते काँग्रेसचे मत न घेताच. हे युद्ध नसून संयुक्त राष्ट्रांची पोलीस कारवाई आहे का, असे पत्रकाराने विचारले आणि त्यांनी होकार भरला. त्या पोलीस कारवाईत छत्तीस हजारांच्या घरात अमेरिकी सैनिक गेले.

मेक्सिकोच्या युद्धाचे प्रकरण मात्र कोणी घाईने उलटू नये. युद्ध जाहीर झाले ते अध्यक्ष पोक यांच्या सांगण्यावरून: मेक्सिकोने अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकेचे रक्त सांडले. डिसेंबर १८४७ मध्ये इलिनॉयचा एक नवखा प्रतिनिधी उभा राहिला आणि त्याने ठराव मांडले की रक्त नेमके कोणत्या जागी सांडले ती जागा अध्यक्षांनी दाखवावी. ती भूमी आपली होती की वादातली? जानेवारी १८४८ मध्ये प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी, हे युद्ध अध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केले, असा ठपकाही ठेवला. युद्ध तोवर जिंकल्यात जमा होते. त्या नवख्या प्रतिनिधीची टिंगल झाली. त्याचे नाव अब्राहम लिंकन. पुढे एप्रिल १८६१ मध्ये तोच अध्यक्ष असताना त्याने काँग्रेसचे अधिवेशन भरण्याआधीच फौज बोलावली आणि दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांची बंदरे रोखली. काँग्रेस जमली ४ जुलैला. नाकेबंदी वैध ठरली ती सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी, १८६३ मध्ये. खुर्ची बदलली की घटनेचा अर्थ बदलतो, याचा हा पहिला नाही तरी सर्वांत ठसठशीत दाखला.

टोन्किनच्या आखाताला या पुस्तकात फार पाने दिली आहेत असे कोणी म्हणेल. मला ती कमी वाटली. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी मॅडॉक्स या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. ४ तारखेच्या काळोख्या रात्री दुसरा हल्ला झाल्याचे सांगितले गेले. तो झालाच नव्हता, हे अमेरिकेच्याच टेहळणी संस्थेने लिहिलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या इतिहासात आता सविस्तर आहे. पण ७ ऑगस्टला लिंडन जॉन्सन यांच्या हाती ठराव पडला: आक्रमण रोखण्यासाठी लागेल ते करा. प्रतिनिधिगृहाने चाळीसेक मिनिटांच्या चर्चेत तो ४१६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला, सिनेटने ८८ विरुद्ध २.

त्या चर्चेतला एक प्रसंग बारकाईने वाचावा. विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन यांना शंका होती. या शब्दांच्या आडून उद्या मोठी जमिनीवरची लढाई सुरू होईल, तसे करण्याचा हेतू नाही हे ठरावातच लिहू या, असे त्यांचे म्हणणे. ठरावाची धुरा परराष्ट्र समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट यांच्याकडे होती. हेतू तुम्ही म्हणता तोच आहे, असे त्यांनी नेल्सन यांना सांगितले. पण दुरुस्ती स्वीकारली तर मजकूर पुन्हा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाईल, वेळ लागेल. निवडणूक तीन महिन्यांवर होती. नेल्सन यांनी आग्रह सोडला आणि बाजूने मत दिले. चार वर्षांत व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. फुलब्राइट यांना याची बोच आयुष्यभर राहिली. १९६६ मध्ये त्यांनीच टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे युद्धाची सुनावणी घेतली आणि जॉन्सन यांच्याशी कायमचे वैर पत्करले. विरोधात गेलेले दोघे, ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग, १९६८ मध्ये दोघेही जागा हरले.

एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्यांची एक छोटी परंपरा आहे. जेनेट रँकिन यांनी १९१७ मध्ये पन्नास जणांत राहून आणि १९४१ मध्ये ३८८ विरुद्ध एकटीने ‘नाही’ म्हटले. दुसऱ्या वेळी संतापलेल्या जमावापासून वाचायला त्यांना टेलिफोनच्या खोक्यात शिरावे लागले. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने त्या नंतर अनेकदा भारतात येऊन गेल्या. १४ सप्टेंबर २००१ रोजी ओकलंडच्या बार्बरा ली, अध्यक्षांना बळ वापरण्याची परवानगी देणाऱ्या ठरावावर, ४२० विरुद्ध एक अशा उभ्या राहिल्या. त्यांना जिवे मारण्याच्या इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण द्यावे लागले. त्यांचा आक्षेप युद्धाला होता त्याहून जास्त त्या साठ शब्दांच्या परवानगीला होता. त्यात शत्रूचे नाव नव्हते, देश नव्हता, मुदत नव्हती. तेव्हापासून चार अध्यक्षांनी तीच परवानगी अफगाणिस्तानपासून येमेन, सोमालियापर्यंत दाखवली.

आता १९७३ चा उन्हाळा. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाचा गाभा तिथे आहे. पॅरिसचा करार झालेला, अमेरिकी सैनिक व्हिएतनाममधून परतलेले, तरी कंबोडियावर बॉम्बफेक चालूच. त्याआधी, १९६९ पासून, कंबोडियावर चौदा महिने गुप्तपणे बॉम्ब टाकले गेले होते आणि काँग्रेसला खोट्या नोंदी दाखवल्या गेल्या होत्या, हेही त्याच उन्हाळ्यात बाहेर आले. जूनमध्ये काँग्रेसने बॉम्बफेकीचा पैसा ताबडतोब बंद करणारी तरतूद पाठवली. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोनतृतीयांश मते मिळेनात. मग तडजोड झाली: १५ ऑगस्टपासून पैसा बंद. म्हणजे दीड महिना आणखी बॉम्ब टाकायला काँग्रेसनेच मोकळीक दिली.

ब्रुकलिनच्या प्रतिनिधी एलिझाबेथ होल्टझमन यांना हे मान्य नव्हते. त्या काही हवाई दल अधिकाऱ्यांसह न्यायालयात गेल्या. न्यायाधीश ऑरिन जड यांनी २५ जुलैला बॉम्बफेक थांबवण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने दोन दिवसांत स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाला सुटी होती. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी स्थगिती उठवायला नकार दिला, पण तो देतानाही युद्ध घटनेला धरून आहे याबद्दल त्यांनी शंका दाखवली. उरले विल्यम डग्लस. ते होते वॉशिंग्टन राज्याच्या डोंगरात, गूस प्रेअरी नावाच्या वस्तीतल्या आपल्या लाकडी घरात, जिथे फोन नव्हता. वकील विमानाने तिकडे पोहोचले. ३ ऑगस्टला याकिमा या लहान शहरात सुनावणी झाली आणि दुसऱ्या दिवशी डग्लस यांनी बॉम्बफेक थांबवण्याचा आदेश पुन्हा जिवंत केला. त्यांचा युक्तिवाद फाशीच्या खटल्याचा होता: कोणाचा तरी जीव जाणार आहे, चूक झाली तर ती भरून निघणार नाही, म्हणून आधी थांबवा. मार्शल यांनी इतर न्यायमूर्तींना फोन केले आणि काही तासांत तो आदेश रद्द झाला. दोन दिवसांनी एका बी-५२ विमानाने चुकून नीक लुओंग या मित्रपक्षाच्याच ताब्यातल्या गावावर बॉम्ब टाकले. शंभराहून अधिक माणसे मेली. बॉम्बफेक थांबली ती १५ ऑगस्टला, कायद्यात लिहिल्याप्रमाणे. पैसा संपला म्हणून थांबली. न्यायालयाच्या निकालाने थांबली नाही.

या अनुभवातून त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला युद्धाधिकारांचा ठराव कायदा झाला. वॉटरगेटच्या चिखलात रुतलेल्या निक्सन यांचा नकाराधिकार प्रतिनिधिगृहाने २८४ विरुद्ध १३५ आणि सिनेटने ७५ विरुद्ध १८ मतांनी मोडून काढला. विस्कॉन्सिनचे क्लेमंट झाब्लॉकी आणि न्यू यॉर्कचे जाव्हिट्स हे त्याचे कर्ते. कायदा सांगतो तो एवढाच: सैन्य लढाईत किंवा लढाईच्या उंबरठ्यावर पाठवले तर अध्यक्षाने अठ्ठेचाळीस तासांत काँग्रेसला लेखी कळवावे. काँग्रेसने परवानगी दिली नाही तर साठ दिवसांत सैन्य मागे घ्यावे. माघारीसाठी हवे तर आणखी तीस.

वर्तमानपत्रांनी याचे अध्यक्षांवरचा विजय म्हणून स्वागत केले. मिसुरीचे सिनेटर टॉम ईगलटन मात्र विरोधात गेले आणि त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. सिनेटच्या मूळ विधेयकात अध्यक्ष स्वतःहून बळ कधी वापरू शकतो याची बंदिस्त यादी होती: अमेरिकेवर हल्ला, सैन्यावर हल्ला, नागरिकांची सुटका. दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटीत ती यादी प्रास्ताविकात ढकलली गेली आणि साठ दिवसांचे घड्याळ उरले. ईगलटन म्हणत होते की यादी गेली म्हणजे पहिले साठ दिवस अध्यक्षाला रान मोकळे. घटनेने जे दिले नव्हते ते आपण कायद्याने देतो आहोत. वरात दारात उभी राहिल्यावर मुहूर्त विचारण्यासारखा हा प्रकार होता. पन्नास वर्षांचा अनुभव ईगलटन यांच्या बाजूने आहे.

त्यात एका खटल्याने उरलीसुरली धार गेली. केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या जगदीश राय चढ्ढा नावाच्या विद्यार्थ्याला अमेरिकेतून बाहेर काढायचे की नाही, या वादावर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अध्यक्षाच्या सहीशिवाय काँग्रेसच्या नुसत्या ठरावाला कायद्याचे बळ नाही. वाद होता व्हिसाचा. पण सैन्य परत बोलावण्याची युद्धाधिकार कायद्यातली तरतूदही अशाच सही नको असलेल्या ठरावावर उभी होती. आता युद्ध थांबवायचे तर ठराव अध्यक्षाकडे जाणार, तो नकाराधिकार वापरणार आणि मग दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते जमवावी लागणार. घटनाकारांनी युद्ध सुरू करायला बहुमत मागितले होते. आज ते थांबवायला दोनतृतीयांश लागतात, आणि अध्यक्षाला एका सभागृहातले एकतृतीयांशाहून थोडे अधिक सोबती पुरतात.

तरीही २८ एप्रिल १९९९ चा दिवस पाहिला की दोष फक्त या गणिताचा नाही हे पटते. क्लिंटन यांची युगोस्लाव्हियावरची बॉम्बफेक महिनाभर चालली होती. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन टॉम कॅम्पबेल, मुळात कायद्याचे प्राध्यापक, यांनी सभागृहाला कोपऱ्यात गाठले: युद्ध जाहीर करा, नाही तर सैन्य परत आणा, पण काहीतरी ठरवा. प्रतिनिधिगृहाने त्या एका दिवसात युद्ध जाहीर करायला ४२७ विरुद्ध २ मतांनी नकार दिला. सैन्य परत बोलवायला २९० विरुद्ध १३९ मतांनी नकार दिला. परवानगीशिवाय जमिनीवर फौज उतरवायला पैसा नाही, असे बजावले. आणि चालू असलेल्या हवाई हल्ल्यांना पाठिंबा देण्याच्या ठरावावर २१३ विरुद्ध २१३, म्हणजे तोही पडला. मग पुढच्याच महिन्यात अध्यक्षांनी मागितले होते त्याहून जास्त पैसे मंजूर केले. बॉम्बफेक अठ्ठ्याहत्तर दिवस चालली. साठावा दिवस तसाच उलटून गेला. कॅम्पबेल न्यायालयात गेले, तर न्यायालय म्हणाले, तुमच्या सभागृहाच्या हातात साधने होती, ती वापरली नाहीत, आमच्याकडे कशाला येता? मला या निकालात चूक दिसत नाही.

लिबियाचे प्रकरण वकिली कौशल्याच्या दृष्टीने वाचनीय आहे. मार्च २०११ मध्ये ओबामा यांनी हल्ले सुरू केले (संयुक्त राष्ट्रांच्या ज्या ठरावाच्या आधारे केले त्याचा क्रमांक योगायोगाने १९७३). मे महिन्यात साठ दिवस संपले. तेव्हा परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार हॅरल्ड को यांनी सिनेटपुढे मांडले की जमिनीवर आपले सैनिक नाहीत, समोरून गोळीबार जवळजवळ नाही, तेव्हा कायद्याच्या अर्थाने ही ‘लढाई’च नाही आणि घड्याळ सुरूच झालेले नाही. हेच को येल विद्यापीठात असताना अध्यक्षांच्या अतिरेकी युद्धाधिकारांचे नामांकित टीकाकार होते. आणि ओबामा यांनीही उमेदवार असताना, २००७ मध्ये, प्रत्यक्ष किंवा तोंडावर आलेला धोका नसेल तर अध्यक्ष स्वतःच्या अधिकारात हल्ला करू शकत नाही, असे लेखी उत्तर एका वर्तमानपत्राला दिले होते. प्रतिनिधिगृहाने जून महिन्यात या मोहिमेला परवानगी नाकारली, आणि त्याच दिवशी तिचा पैसा तोडायलाही नकार दिला.

यंत्रणा कशी चालते हे पाहायचे असेल तर येमेनच्या प्रकरणाकडे जावे. युद्धाधिकाराच्या ठरावाला खास दर्जा असतो; नेतृत्वाची इच्छा असो वा नसो, ठरावीक दिवसांत त्यावर मत घ्यावेच लागते. म्हणून अल्पमतातला एकटा सदस्यही सर्वांना मत द्यायला भाग पाडू शकतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाचे भारतीय वंशाचे प्रतिनिधी रो खन्ना यांनी सौदी अरेबियाच्या येमेन युद्धातली अमेरिकी मदत थांबवण्याचा असा ठराव आणला. नोव्हेंबरमध्ये करड्या लांडग्यांना संरक्षित यादीतून वगळण्याचे एक विधेयक चर्चेला आले. त्या चर्चेचे नियम ठरवणाऱ्या कागदात नेतृत्वाने एक ओळ घुसडली: खन्ना यांच्या ठरावाला खास दर्जा राहणार नाही. लांडग्यांच्या पाठीवर बसून येमेन बाहेर गेले. डिसेंबरमध्ये हीच युक्ती शेतीच्या विधेयकात झाली आणि २०६ विरुद्ध २०३ मतांनी खपून गेली. घटनेवरच्या थोर भाषणांपेक्षा या दोन तारखा मला जास्त शिकवून गेल्या.

पुढच्या वर्षी सभागृह डेमोक्रॅटांकडे गेले आणि ठराव दोन्हीकडे मंजूर झाला, सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६. युद्धाधिकाराचा असा ठराव अध्यक्षांच्या टेबलापर्यंत जाण्याची ही पहिलीच वेळ. ट्रम्प यांनी १६ एप्रिल २०१९ रोजी तो फेटाळला. इराणी सेनापती सुलेमानी यांच्या हत्येनंतर इराणबाबतचा सिनेटर टिम केन यांचा ठरावही २०२० मध्ये दोन्हीकडून मंजूर होऊन असाच फेटाळला गेला. दोन्ही वेळा नकाराधिकार मोडण्याइतकी मते जमली नाहीत.

मग त्या कारकिर्दीत ट्रम्प यांचा एकही नकाराधिकार मोडला गेला नाही का? दहापैकी एक मोडला गेला, १ जानेवारी २०२१ रोजी, संरक्षण खर्चाच्या विधेयकावर. त्या विधेयकात बरेच काही होते; त्यांतल्या दोन तरतुदी जर्मनी आणि अफगाणिस्तानातून सैन्य परत आणण्याच्या अध्यक्षांच्या बेतात अडथळे घालणाऱ्या होत्या. सैन्य पाठवू नका असे सांगताना न जमणारी मते, ते परत आणू नका असे सांगताना सिनेटमध्ये ८१ विरुद्ध १३ अशी जमली. संरक्षण खर्चाचा पैसा जवळपास प्रत्येक मतदारसंघात पोहोचतो, हे त्यामागचे एक साधे कारण.

या प्रतिनिधिगृहात जानेवारी २०२३ पासून एक मराठी माणूसही बसतो. बेळगावात वाढलेले आणि आपली कहाणी मराठीत लिहिणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून गेले. असे ठराव आता त्यांच्याही टेबलावर येतात.

पुस्तकातली प्रकरणे कालक्रमाने लावली आहेत, पण वाचकाने त्या क्रमाने जायलाच हवे असे नाही. न्यायालयांत रस असेल त्याने याकिमापासून सुरू करावे, मतांच्या हिशेबात असेल त्याने युगोस्लाव्हियापासून. शेवटचे प्रकरण जून २०२५ चे. २२ जूनला अमेरिकी विमानांनी फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. व्हर्जिनियाचे केन यांनी आपला ठराव त्याआधीच दाखल केला होता. त्यांच्या राज्यात नॉरफोकचा प्रचंड नौदल तळ आहे, मुलगा मरीन दलात होता, आणि डेमोक्रॅट अध्यक्ष असतानाही त्यांनी हा विषय सोडला नव्हता. २७ जूनला मतदान झाले तेव्हा युद्धबंदीला तीन दिवस झाले होते. रिपब्लिकनांपैकी फक्त रँड पॉल ठरावाच्या बाजूने गेले, डेमोक्रॅटांपैकी फक्त जॉन फेटरमन विरोधात. ४७ विरुद्ध ५३. ठराव पडला.